व्होल्टेज वर गेलं म्हणजे पेशी पेटली असं नाही: गाबाची गोष्ट

ज्यांना मेट्रोत किंवा गाडीवर हेडफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जे आकडे मी पटपट सांगून गेलो, ते इथे नीट मांडले आहेत.

सुरुवात कूलरपासून करू. आपण नागपूरकर, कूलरवर आपला जन्मसिद्ध हक्क. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असताना कूलर लावला की खोली गार. तोच कूलर, तेच पाणी, तोच पंखा जुलैमध्ये लावून बघा. खोली दमट, अंग चिकट, चादर ओली. बटण तेच दाबलं नं? मग फरक कशाचा? बाहेरच्या हवेचा.

आज ज्या केमिकलबद्दल बोलायचंय, त्याचंही असंच आहे. त्याचं नाव गाबा. बहुतेक पुस्तकांत एका ओळीत लिहिलेलं असतं: गाबा म्हणजे मेंदूचा ब्रेक. ती ओळ चूक नाही, पण अर्धी आहे. आणि अर्ध्या ओळीवर विसंबून मी एकदा काय करून बसलो, ते आधी सांगतो.

रात्री अडीच वाजताचा मेसेज

दोन वर्षांपूर्वी माझ्या ताईला मुलगी झाली. जन्मल्यावर बाळ लगेच रडलं नाही, काही मिनिटं श्वास द्यावा लागला. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या एनआयसीयूत तिला ठेवलं. त्याच रात्री तिला झटके सुरू झाले.

झटके म्हटलं की आपल्याला हातपाय आपटणं आठवतं. तसं काहीच नव्हतं. ती चोखल्यासारखे ओठ हलवत होती, सायकल मारल्यासारखे पाय फिरवत होती, आणि डोळे एका बाजूला लागले होते. आम्हाला वाटलं, बाळ खेळतंय. नर्सताईंनी बरोबर ओळखलं. ईईजी लावला आणि फेनोबार्बिटोन सुरू केलं.

मी कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. हातात फोन, डोक्यात भीती. अडीच वाजता मला दोन गोष्टी वाचायला मिळाल्या. एक, नवजात मेंदूत गाबा पेशींना शांत करण्याऐवजी उत्तेजित करतो. दोन, फेनोबार्बिटोन गाबाचा परिणाम वाढवतं. मी बीटेक झालेला माणूस, दोन ओळी जोडल्या आणि निकाल लावला: हे तर आगीत पेट्रोल ओतताहेत! लगेच भाऊजींना मेसेज टाकला, ‘हे औषध थांबवायला सांगा.’

भाऊजी एनआयसीयूच्या दाराशीच होते. आत पुढचा डोस तयार होत होता. त्यांनी दार अडवलं. म्हणाले, “माझा मेहुणा इंजिनीअर आहे, त्यानं वाचलंय. हे औषध नको.”

डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. चिडल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, “तुम्ही वाचलं ते खोटं नाही. पण डिपोलराइझ करणं आणि उत्तेजित करणं हे तुम्ही एकच धरलंय. ते एक नाही. आता मला आत जाऊ द्या, सकाळी समजावते.”

यात दहा मिनिटं गेली. डोस दिला गेला आणि पहाटेपर्यंत ईईजी शांत झाला. पण त्या दहा मिनिटांची लाज मला आजही वाटते. हा एपिसोड म्हणजे मॅडमच्या त्या एका वाक्याचा अर्थ.

आधी थोडं वायरिंग

न्यूरॉनच्या आत आणि बाहेर विजेच्या दाबाचा फरक असतो. निवांत असताना आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ६५ मिलिव्होल्टवर असते. हा आकडा वर सरकत उणे ५० च्या आसपास पोचला की पेशी ‘स्पाइक’ मारते, म्हणजे पुढच्या पेशींना सिग्नल देते. या उणे ५० ला उंबरठा म्हणू. (पेशीप्रमाणे हे आकडे थोडे बदलतात. आपण गणितासाठी हेच धरू.)

निवांत पातळीपासून व्होल्टेज वर सरकलं, की त्याला डिपोलराइझ होणं म्हणतात. खाली गेलं, तर हायपरपोलराइझ होणं. ग्लुटामेट नावाचं केमिकल पेशीला वर ढकलतं.

आणि गाबा? गाबा ‘वर’ किंवा ‘खाली’ असं काहीच सांगत नाही. तो फक्त एक दार उघडतो. गाबा-ए रिसेप्टर हे मुख्यतः क्लोराइडचं दार आहे. दार उघडल्यावर क्लोराइड आत जाईल की बाहेर येईल, हे आत आधीच किती क्लोराइड भरलंय त्यावर ठरतं. क्लोराइडवर ऋण भार असतो. तो आत गेला तर व्होल्टेज खाली येतं, बाहेर पडला तर वर जातं.

दार उघडं असताना व्होल्टेज ज्या आकड्याकडे ओढलं जातं, तो काढायचं सूत्र नेर्न्स्टचं आहे. शरीराच्या तापमानाला ते असं: ६१.५ गुणिले लॉग, आणि लॉगच्या आत ‘आतलं क्लोराइड भागिले बाहेरचं क्लोराइड’. बाहेरचं १२० धरा (एकक मिलिमोलर), आणि आतलं बदलत जा:

आत ८ असेल तर उत्तर उणे ७२.
आत १५ असेल तर उणे ५६.
आत २५ असेल तर उणे ४२.

या दारातून थोडं बायकार्बोनेटही जातं, त्यामुळे खरा आकडा जरा वर सरकतो. पण गोष्ट समजायला एवढं पुरे.

आता हे तीन आकडे निवांत पातळी (उणे ६५) आणि उंबरठा (उणे ५०) यांच्या शेजारी ठेवा. उणे ७२ हे निवांत पातळीच्या खाली, म्हणजे गाबा पेशीला खाली ओढणार. हा पुस्तकातला ब्रेक. उणे ४२ हे उंबरठ्याच्याही वर, म्हणजे गाबा एकटाच पेशीला पेटवू शकतो. हा ॲक्सिलरेटर. आणि उणे ५६? ते निवांत पातळीच्या वर आहे, पण उंबरठ्याच्या खाली. सगळी गंमत इथेच आहे.

गच्चीवरच्या दोन टाक्या

गच्चीवर एक छोटी टाकी आहे असं समजा. तिच्यात पाण्याची एक नेहमीची पातळी आहे. वरून एक नळ कधीकधी पाणी सोडतो, तो ग्लुटामेट. पाणी काठावरून सांडलं, की स्पाइक.

आता छोटीच्या शेजारी एक भलीमोठी टाकी आहे. दोघींना जोडणारा जाड पाइप, त्यावर व्हॉल्व्ह. गाबा म्हणजे हा व्हॉल्व्ह उघडणं. मोठ्या टाकीची पातळी छोटीच्या नेहमीच्या पातळीपेक्षा थोडी वर आहे, पण काठाच्या बरीच खाली.

व्हॉल्व्ह उघडला की छोटीतलं पाणी थोडं वर चढतं. लांबून बघणारा म्हणेल, “अरे, भरतेय! आता सांडणार!” पण सांडत नाही. उलट, आता नळ सोडला तरी ते जास्तीचं पाणी जाड पाइपमधून मोठ्या टाकीत निघून जातं. पातळी चढली खरी, पण सांडणं अवघड झालं. यालाच शंटिंग म्हणतात. दाराला भोक पडलं की ढकलण्याचा जोर वाया जातो, तसं.

माझा टाकीवर पूर्ण विश्वास बसेना, म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. पेशीची स्वतःची गळती १० नॅनोसिमेन्स, ग्लुटामेटचं दार ४, गाबाचं दार २०. ग्लुटामेट व्होल्टेजला शून्याकडे ओढतो, गाबा उणे ५६ कडे. स्थिर अवस्थेत व्होल्टेज म्हणजे या सगळ्यांची वजनदार सरासरी. उत्तरं अशी आली:

काहीच नाही: उणे ६५.
फक्त गाबा: उणे ५९. वर गेलं.
फक्त ग्लुटामेट: उणे ४६. उंबरठा ओलांडला, स्पाइक.
दोन्ही एकत्र: उणे ५२. स्पाइक नाही!

दोघंही एकटे असताना व्होल्टेज वर नेतात. पण दोघं मिळून एकट्या ग्लुटामेटपेक्षा खाली राहतात. बेरजेची सवय असलेल्या माझ्या डोक्याला हे पचायला दोन दिवस लागले. इथे बेरीज होत नाही, सरासरी होते. मी कॉरिडॉरमध्ये केलेली चूक हीच: ‘डिपोलराइझ’ वाचलं आणि ‘पेटवतो’ असं समजलो.

त्याच स्क्रिप्टमध्ये गाबाचा आकडा उणे ४२ केला, तर एकटा गाबाच पेशीला उणे ४९.७ ला नेतो. उंबरठ्याच्या जरासा पलीकडे. म्हणजे आतलं क्लोराइड १५ वरून २५ झालं, की ब्रेकचा ॲक्सिलरेटर.

वेळ आणि जागा

आणखी एक पेच आहे. शंटिंग तेव्हाच चालतं, जेव्हा दार उघडं असतं, आणि ते त्या दाराच्या आसपासच चालतं. गाबाचं दार बंद झाल्यावरही व्होल्टेज लगेच खाली येत नाही, थोडा वेळ चढलेलंच राहतं. नेमक्या त्या वेळी ग्लुटामेट आला तर त्याला वरून सुरुवात मिळते, आणि पेशी पेटणं सोपं होतं. तसंच गाबाचं दार पेशीच्या लांबच्या फांदीवर असेल, तर भोक तिथेच राहतं, पण चढलेलं व्होल्टेज इकडे पोचतं. गलेज आणि स्टुअर्ट या दोन संशोधकांनी २००३ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या पेशींवर हे दाखवलं: तोच डिपोलराइझ करणारा गाबा वेळ आणि जागा बदलली की रोखतो किंवा मदत करतो.

बाळाच्या पेशीत क्लोराइड जास्त का?

पेशीत क्लोराइड किती ठेवायचं, हे दोन पंप ठरवतात. एनकेसीसी-१ क्लोराइड आत आणतो, केसीसी-२ बाहेर टाकतो. कोवळ्या न्यूरॉनमध्ये पहिला जोरात, दुसरा कमी. म्हणून आत क्लोराइड साचलेलं. वय वाढतं तसा केसीसी-२ वाढतो, आतलं क्लोराइड उतरतं, आणि गाबा पुस्तकातल्यासारखा ब्रेक होतो.

१९८९ मध्ये पॅरिसमध्ये येहेझ्केल बेन-आरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये व्होल्टेजच्या मोठमोठ्या लाटा नोंदवल्या. त्या लाटांमागे गाबा होता, आणि तो पेशींना डिपोलराइझ करत होता. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, हेलसिंकीच्या काई काइला यांच्या गटानं केसीसी-२ हा हा बदल घडवणारा पंप असल्याचं दाखवलं. मी रात्री वाचलेली ओळ इथून आली होती.

मग ती अर्धी कशी? बरेच जुने प्रयोग मेंदूच्या पातळ कापांवर, डिशमध्ये झालेले. जिवंत पिल्लांच्या मेंदूत बघितलं तेव्हा चित्र गुंतागुंतीचं निघालं. २०१५ मध्ये किर्मसे आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदरांच्या कॉर्टेक्समध्ये दाखवलं की गाबा एकेका पेशीला डिपोलराइझ करतो, आणि तरीही एकूण नेटवर्कला शांत करतो. आपल्या टाकीसारखंच! २०२० मध्ये मुराता आणि कोलोनीझ यांना दिसलं की अगदी कोवळ्या वयात हिप्पोकॅम्पसमध्ये गाबाच्या पेशी खरंच उत्तेजित करतात, पण दृष्टीच्या कॉर्टेक्समध्ये त्याच वयात रोखतात. म्हणजे ‘नवजात मेंदू’ असं एकच उत्तर नाही. कुठला भाग, कितव्या दिवशी, हेही विचारावं लागतं.

वर, उंदराचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू मेंदूच्या वाढीत आपल्या पूर्ण दिवसांच्या बाळाच्या बरंच मागे असतं. पिल्लाच्या पहिल्या दिवसाचा निष्कर्ष उचलून बाळाच्या पहिल्या दिवसाला चिकटवता येत नाही.

मग औषधाचं काय?

फेनोबार्बिटोन गाबा-ए चं दार जास्त वेळ उघडं ठेवतं. गाबाची पातळी उंबरठ्याखाली असेल, तर जास्त वेळ उघडं दार म्हणजे जास्त शंटिंग. व्होल्टेज थोडं वर गेलं तरी फायदाच.

आकडे बघा. १९९९ मध्ये पेंटर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात फेनोबार्बिटोननं ४३ टक्के बाळांचे झटके आटोक्यात आले, फेनिटॉइननं ४५ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी, हे खरं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निओलेव्ह-२ चाचणीत फेनोबार्बिटोन मिळालेल्या ८० टक्के बाळांना पुढचे २४ तास झटके आले नाहीत. नव्या औषधाचा, म्हणजे लेव्हेटिरासिटॅमचा, आकडा होता २८ टक्के. जागतिक आरोग्य संघटना आजही नवजात झटक्यांसाठी पहिलं औषध फेनोबार्बिटोनच सांगते. ते सगळीकडे आगीत पेट्रोल असतं, तर हे आकडे आलेच नसते.

पण ते प्रत्येक बाळाला पुरत नाही, आणि त्यामागे क्लोराइडचा हात असू शकतो. प्राण्यांमध्ये दिसलंय की झटके लांबले की पेशीत क्लोराइड साचत जातं. म्हणजे मोठ्या टाकीचीच पातळी काठाकडे चढते आणि गाबाचा ब्रेक ढिला पडतो. म्हणून झटके लवकर ओळखून लवकर औषध देणं महत्त्वाचं. आता कळलं नं, मला दहा मिनिटांची लाज का वाटते?

मग संशोधकांनी विचार केला, क्लोराइड आत आणणारा पंपच बंद केला तर? ब्युमेटॅनाइड नावाचं लघवी वाढवणारं जुनं औषध एनकेसीसी-१ अडवतं. कागदावर झकास. युरोपातली निमो चाचणी मध्येच थांबवावी लागली, आणि २०१५ मध्ये तिचे निकाल आले: फायद्याचा पुरावा नाही, आणि वाचलेल्या ११ पैकी ३ बाळांना ऐकू येण्याची अडचण. तोच पंप कानाच्या आतही काम करतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत मात्र फेनोबार्बिटोनच्या जोडीला दिल्यावर झटके काहीसे कमी झाले. प्रश्न अजून मिटलेला नाही.

मूळ कारण श्वासात

एक गोष्ट आपल्या विदर्भाची. नवजात झटक्यांचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडणं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. न रडलेल्या बाळाला मास्कनं श्वास देणंही त्यात होतं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, ३९ गावांमध्ये हे काम झाल्यावर नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. पुढे हीच कल्पना आशाताईंच्या घरभेटींमधून देशभर गेली. पंप, दारं, क्लोराइड हे सगळं नंतरचं. आधी पहिला श्वास.

शेवटी

भाची आता दोन वर्षांची होईल. बोलायला थोडी उशिरा लागली, तपासण्या सुरू आहेत. सध्या तिचा आवडता उद्योग म्हणजे कूलरच्या पाण्यात हात घालणं, आणि ताईचा ओरडण्याचा.

मी डॉक्टर नाही, हे तुम्हाला माहितीच आहे. कुणाच्या घरी बाळ ओठ चोखत असेल, पाय सायकलसारखे फिरवत असेल, डोळे एका जागी लागत असतील किंवा श्वास अडकत असेल, तर व्हिडिओ काढा आणि थेट हॉस्पिटल गाठा. माझा एपिसोड नंतर ऐका.

आणि रात्री अडीच वाजता एखादी ओळ वाचून पोटात गोळा आला, तर डॉक्टरांना प्रश्न जरूर विचारा. “नवजात बाळात गाबा डिपोलराइझ करतो म्हणतात, मग हे औषध कसं चालतं?” हा चांगला प्रश्न आहे. मॅडमनी सकाळी ड्युटी संपल्यावर थांबून मला त्याचं उत्तर दिलं. मी मात्र प्रश्न न विचारता निकाल पाठवला होता.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर स्क्रिप्टमध्ये आकडे बदलून खेळा, आणि गाबाची पातळी नक्की कितीला गेली की ब्रेक सुटतो, ते मला कळवा. काळजी घ्या राजेहो!